युद्ध युक्रेनचे, वायू रशियाचा: युरोपने व्हॉल्व्ह लगेच का बंद केला नाही?

प्रश्न असा विचारला आहे: फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय देश युक्रेनला पैसा आणि शस्त्रे पुरवत असतानाच रशियाकडून तेल आणि वायू विकत घेत राहिले, खुद्द युक्रेननेही २०२४ संपेपर्यंत आपल्या भूमीखालून रशियाचा वायू पश्चिमेकडे जाऊ दिला. हा दुटप्पीपणा नव्हता का, आणि तो इतकी वर्षे कसा चालला?

नैसर्गिक वायूचे दीर्घकालीन खरेदी-करार हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे मी हे उत्तर घोषणांच्या बाजूने न देता करारांच्या आणि वाहिन्यांच्या बाजूने देतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शत्रूकडून किती वायू घेतला जातो यापेक्षा तो थांबला तर आधी कोणाचे हाल होतात आणि पर्याय उभा राहायला किती काळ लागतो, हे मोजणे अधिक महत्त्वाचे आहे. युद्धाचे निर्णय काही तासांत होतात. वायूचा पुरवठादार बदलायला, सगळे काही जुळून आले तरी, महिने आणि बहुधा वर्षे लागतात. या दोन वेगांमध्ये जे अंतर राहते त्यातच रशियाने आपले राजकारण केले, आणि त्याच अंतरात युक्रेनला आपले मित्र सांभाळावे लागले.

आधी प्रमाण पाहू. २०२१ मध्ये युरोपीय संघाने रशियाकडून सुमारे १५५ अब्ज घनमीटर वायू घेतला. हे त्याच्या एकूण वायू-आयातीच्या सुमारे ४५ टक्के होते. युद्ध सुरू होऊन सहा आठवडे झाले असताना, ६ एप्रिल २०२२ रोजी, संघाचे परराष्ट्र धोरण प्रमुख जोसेप बोरेल यांनी युरोपीय संसदेत हिशेब मांडला: युक्रेनला शस्त्रांसाठी एक अब्ज युरो दिले आहेत, आणि त्याच काळात ऊर्जेपोटी पुतिन यांना ३५ अब्ज युरो दिले आहेत. हा आकडा प्रश्नकर्त्याच्या संतापाला पूर्णपणे न्याय देतो, आणि तो संताप मला रास्त वाटतो. मात्र त्या दिवशी बोरेल यांच्या हाती कोणता व्हॉल्व्ह होता, हेही पाहिले पाहिजे.

तेल जहाजाने येते. एका देशाने दिले नाही तर दुसऱ्याकडून घेता येते. भाव वाढतो, पण बंदर तेच आणि टाक्याही त्याच राहतात. म्हणूनच युरोपने समुद्रमार्गे येणारे रशियाचे कच्चे तेल ५ डिसेंबर २०२२ पासून आणि शुद्धीकृत पदार्थ ५ फेब्रुवारी २०२३ पासून बंद करून दाखवले. वाहिनीने येणाऱ्या वायूचे तसे नसते. वाहिनीच्या एका टोकाला ठरावीक वायुक्षेत्र असते, दुसऱ्या टोकाला ठरावीक शहरे, आणि मध्ये वीस-पंचवीस वर्षांचा करार. त्या करारात बहुधा असे कलम असते की ग्राहकाने ठरलेल्या प्रमाणाचा मोठा हिस्सा उचलला नाही तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. आमच्या व्यवसायात त्याला ‘टेक ऑर पे’ म्हणतात. ऑस्ट्रियाच्या ओएमव्ही कंपनीने २०१८ मध्ये, म्हणजे रशियाने क्रिमिया बळकावल्याला चार वर्षे झाल्यावर, गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीबरोबरचा करार २०४० पर्यंत वाढवला होता. युद्धाचे दुसरे वर्ष संपत आले तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, ऑस्ट्रियाच्या वायू-आयातीपैकी ९८ टक्के वायू रशियाचाच होता. सरकारला तो नको असला तरी कंपनी करारातून बाहेर पडू शकत नव्हती, कारण रशियाने करार मोडलेला नव्हता.

हे परावलंबित्व अपघाताने आलेले नव्हते. ऑस्ट्रियाने १९६८ मध्ये सोव्हिएत वायू घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९७० मध्ये एसेन शहरात पश्चिम जर्मनीने करार केला: जर्मनीने मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप आणि बँकांचे कर्ज द्यायचे, आणि सोव्हिएत संघाने त्याची परतफेड वायूने करायची. १९८२ मध्ये अमेरिकेच्या रेगन सरकारने सैबेरियातून येणाऱ्या उरेंगोय वाहिनीचे काम रोखण्यासाठी युरोपीय कंपन्यांवरही निर्बंध लावले, तेव्हा मार्गारेट थॅचर यांच्यासकट सगळा पश्चिम युरोप विरोधात उभा राहिला आणि काही महिन्यांत ते निर्बंध मागे घ्यावे लागले. शीतयुद्धाच्या सर्वांत वाईट वर्षांतही वायू येत राहिला, या अनुभवाने जर्मन उद्योगात एक श्रद्धा रुजली की विक्रेत्यालाही आपल्या पैशांची तेवढीच गरज आहे, म्हणून तो पुरवठा तोडणार नाही. जानेवारी २००९ मध्ये युक्रेनमार्गे येणारा वायू सुमारे दोन आठवडे पूर्ण बंद राहिला आणि बल्गेरिया-स्लोव्हाकियात ऐन थंडीत घरे गारठली, तरी ती श्रद्धा ढळली नाही. त्या घटनेतून बर्लिनने धडा काढला तो युक्रेनला वळसा घालण्याचा. रशियावरचे अवलंबन कमी करण्याचा धडा त्याने घेतलाच नाही. २०११ मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळातून रशियाहून थेट जर्मनीला येणारी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी सुरू झाली आणि क्रिमियानंतर दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीमचेही काम हाती घेतले गेले. माझ्या दृष्टीने युरोपची खरी चूक या वर्षांतली आहे. २०२२ मध्ये जे दिसले ते त्या चुकीचे बिल होते.

यातला सर्वांत बोलका तपशील मला रेडेनचा वाटतो. उत्तर जर्मनीतल्या या गावाखाली जुन्या, रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात सुमारे चार अब्ज घनमीटर वायू साठवता येतो. जर्मनीतले हे सर्वांत मोठे साठवणस्थळ आहे. २०१५ मध्ये मालमत्तेच्या एका अदलाबदलीतून ते गॅझप्रॉमच्या उपकंपनीकडे गेले. उन्हाळ्यात असे साठे भरायचे आणि हिवाळ्यात उपसायचे, हा या धंद्याचा साधा क्रम आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात रेडेन भरलेच गेले नाही आणि हिवाळा आला तेव्हा ते जवळजवळ रिकामे होते. गॅझप्रॉमने दीर्घकालीन करारातला वायू नेमाने दिला, फक्त करारापलीकडचा जादा वायू बाजारात आणला नाही. कागदावर कोणताही भंग नव्हता, त्यामुळे कोणत्याही न्यायालयात जाण्यासारखे काही नव्हते. सैन्य युक्रेनच्या सीमेवर जमत असताना जर्मनीची हिवाळ्याची शिल्लक अगोदरच कमी करून ठेवलेली होती. साठा ठरावीक पातळीपर्यंत भरलाच पाहिजे, अशी सक्ती जर्मनीने आणि युरोपीय संघाने कायद्याने केली ती युद्ध सुरू झाल्यानंतर, २०२२ मध्ये.

मग प्रत्यक्ष कपात सुरू झाली, आणि तीही टप्प्याटप्प्याने. ३१ मार्च २०२२ च्या फर्मानाने वायूचे पैसे गॅझप्रॉमबँकेतील खात्यांमार्फत रूबलमध्ये देण्याची अट आली. पोलंड आणि बल्गेरियाने ती नाकारली, आणि २७ एप्रिलला त्यांचा पुरवठा थांबला. जूनच्या मध्यास नॉर्ड स्ट्रीमचा प्रवाह क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आला. कारण देण्यात आले एका टर्बाइनचे: रशियातील व्हीबोर्गजवळच्या पोर्तोवाया कंप्रेसर स्थानकातले, म्हणजे वायू दाबाने वाहिनीत ढकलणाऱ्या स्थानकातले, हे यंत्र दुरुस्तीसाठी कॅनडात माँट्रियलला गेले होते आणि कॅनडाच्या निर्बंधांमुळे तिथेच अडकले होते. जर्मनीने कॅनडाची मनधरणी केली. युक्रेनच्या तीव्र निषेधाला न जुमानता कॅनडाने अपवाद केला आणि यंत्र विमानाने जर्मनीत आले. ऑगस्टच्या सुरुवातीला चान्सलर ओलाफ शोल्झ म्युलहाइमच्या कारखान्यात त्या टर्बाइनशेजारी उभे राहून म्हणाले की ते केव्हाही पाठवता येईल. गॅझप्रॉमने कागदपत्रे अपुरी असल्याचे सांगून ते स्वीकारलेच नाही. तोवर प्रवाह २० टक्क्यांवर आला होता आणि सप्टेंबरच्या आरंभी तो पूर्ण थांबला. २६ सप्टेंबरला समुद्रतळाशी झालेल्या स्फोटांनी त्या वाहिन्याच फुटल्या.

या टर्बाइनच्या प्रकरणाकडे मी इतके लक्ष देतो, कारण युद्धकाळातल्या परावलंबित्वाचे सगळे यंत्र त्यात उघडे दिसते. एका यंत्रासाठी जर्मनीला कॅनडाकडे आपल्याच आघाडीच्या निर्बंधांतून सूट मागावी लागली, कॅनडा आणि युक्रेन यांच्यात कटुता आली, आणि एवढे करून एक घनमीटरही वायू वाढला नाही. तांत्रिक कारण पुढे असले की ग्राहक देशातले लोक आपसात भांडतात: निर्बंध शिथिल करावेत का, करारभंग खरा की खोटा, दोष कोणाचा. विक्रेत्याला त्या भांडणाचा उपयोग वायूच्या किमतीइतकाच असतो. ऑगस्टच्या अखेरीस युरोपीय बाजारातला भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला; त्याआधीच्या वर्षांत तो २० युरोंच्या आसपास असे. जर्मनीतील युनिपर ही मोठी आयातदार कंपनी करारातला वायू न मिळाल्यामुळे तोच वायू खुल्या बाजारात चढ्या भावाने विकत घेत राहिली आणि शेवटी सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

आता युक्रेनकडे वळू. माझ्या मते प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग हाच आहे. ३० डिसेंबर २०१९ रोजी रशिया आणि युक्रेन यांच्यात झालेल्या पारगमन-करारानुसार, म्हणजे आपल्या भूमीतून वायू पुढे जाऊ देण्याच्या करारानुसार, २०२१ ते २०२४ या काळात वर्षाला ४० अब्ज घनमीटर वायू युक्रेनमधून जायचा होता. मे २०२२ मध्ये लुहान्स्कमधील कंप्रेसर स्थानक रशियाच्या ताब्यात गेल्यावर युक्रेनने सोखरानिव्का हा प्रवेशबिंदू ‘फोर्स मेज्योर’ म्हणजे आवाक्याबाहेरची परिस्थिती जाहीर करून बंद केला. राहिला एकच बिंदू: रशियाच्या कुर्स्क प्रांतातले सुजा. तिथल्या मापन-स्थानकावरून दिवसाला सुमारे ४ कोटी २० लाख घनमीटर वायू सीमा ओलांडत असे. रोज आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचे प्रमाण कळवले जाई, रोज त्याची नोंद होई. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनच्या सैन्याने सुजा गावच जिंकून घेतले. मापन-स्थानक युक्रेनी सैनिकांच्या ताब्यात, वायू रशियाचा, ग्राहक स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया; तरीही प्रवाहाचा आकडा काही दिवस किंचित खाली येऊन पुन्हा वर गेला, थांबला नाही.

युक्रेनने तो का थांबवला नाही? पारगमन-शुल्क हे उत्तर अपुरे आहे. ते वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर होते आणि त्यातला बराचसा भाग वाहिन्या चालवण्यातच जाई. खरे कारण असे की युक्रेनचे युद्ध परदेशी मदतीवर चालले होते, आणि त्या मदतीचे मोठे निर्णय युरोपीय संघात एकमताने घ्यावे लागत होते. करार चालू असताना वायू तोडला असता तर युक्रेन करारभंग करणारा ठरला असता, लवादात दावे आले असते आणि स्लोव्हाकिया-हंगेरीसारख्या देशांना मदत अडवण्यासाठी एक सबळ निमित्त मिळाले असते. रशियाला वर्षाला मिळणारे काही अब्ज डॉलर तोडायचे की संघाकडून मिळणारे कित्येक पट अधिक पैसे जोखमीत घालायचे, असा तो हिशेब होता. त्याच वाहिन्या पश्चिमेकडून येणारा वायू आत घ्यायलाही कामाच्या होत्या. युक्रेनने नोव्हेंबर २०१५ पासून गॅझप्रॉमकडून थेट वायू घेणे बंद केले होते आणि तो युरोपातील विक्रेत्यांकडून वायू घेत होता. कराराची मुदत संपताच, १ जानेवारी २०२५ रोजी, त्याने नूतनीकरण नाकारले. हा निर्णय मला योग्य वेळी घेतलेला वाटतो. तोवर ऑस्ट्रियाला पर्याय मिळाला होता आणि ओएमव्हीने जर्मनीतल्या वेगळ्या कराराबद्दल लवादात मिळालेली २३ कोटी युरोंची भरपाई गॅझप्रॉमच्या बिलातून वळती करून घेतल्यामुळे गॅझप्रॉमनेच नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा पुरवठा थांबवला होता. शिवाय मुदत संपलेल्या कराराबद्दल युक्रेनला कोणी दोष देऊ शकत नव्हते. याची झळ सर्वांत जास्त बसली ती मोल्दोवातून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रिया या प्रदेशाला, जिथे नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून घरांची उष्णता-व्यवस्था बंद पडली. आणि जी वाहिनी रिकामी झाली होती तिच्यातूनच मार्च २०२५ मध्ये रशियन सैनिक सरपटत सुजाच्या पिछाडीला पोहोचले.

हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्याबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण ‘पर्याय नव्हता’ हा युक्तिवाद सगळ्यांना सारखाच लागू होत नाही. तेलबंदीतून रशियाचे तेल मध्य युरोपात आणणाऱ्या द्रुझबा वाहिनीला सूट मिळाली ती भूवेष्टित देशांना अवधी मिळावा म्हणून. चेक प्रजासत्ताकाने तो अवधी वापरला, इटलीकडून येणाऱ्या वाहिनीची क्षमता वाढवली आणि २०२५ मध्ये रशियन तेल घेणे थांबवले. हंगेरीने मात्र सवलतीलाच धोरण बनवले. युद्धाच्या आधी, २०२१ मध्ये, तिने वर्षाला ४.५ अब्ज घनमीटर वायू, त्यातला बहुतेक तुर्कस्तानमार्गे, घेण्याचा पंधरा वर्षांचा करार केला होता, आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून तेल आणण्याचा मार्ग असूनही ती द्रुझबाला धरून राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी युक्रेनसाठीचे ५० अब्ज युरोंचे साहाय्य अडवून धरले. ते १ फेब्रुवारी २०२४ ला सुटले. डिसेंबर २०२४ मध्ये स्लोव्हाकियाचे पंतप्रधान रॉबर्ट फिको मॉस्कोला गेले आणि वायू बंद झाल्यास युक्रेनला दिली जाणारी वीज तोडण्याचा इशारा त्यांनी दिला. युक्रेनची वीजकेंद्रे रशियाच्या क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त होत असताना दिलेला हा इशारा होता. अवलंबन जेव्हा देशांतर्गत राजकारणाच्या उपयोगी पडू लागते, तेव्हा पर्याय शोधण्याची इच्छाच मरते, आणि हे मी कोणत्याही तांत्रिक अडचणीपेक्षा अधिक धोकादायक मानतो.

रशियालाही या डावाची किंमत द्यावी लागली. युरोपला वाहिनीने जाणारा तिचा वायू २०२३ पर्यंत २८ अब्ज घनमीटरच्या आसपास उतरला, आणि त्या वर्षी गॅझप्रॉमने सुमारे ६२९ अब्ज रूबलचा तोटा नोंदवला. १९९९ नंतरचा हा पहिला वार्षिक तोटा. युरोपकडे जाणारा वायू पश्चिम सैबेरियातला आहे आणि चीनकडे जाणारी ‘पॉवर ऑफ सैबेरिया’ वाहिनी पूर्वेकडच्या वेगळ्या क्षेत्रांना जोडलेली आहे, म्हणून तो सहजासहजी दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे ‘विक्रेत्यालाही पैशांची गरज आहे’ हे जर्मनांचे गृहीतक खोटे नव्हते. फक्त युद्ध करायला निघालेले सरकार तो तोटा सोसायला तयार असेल, ही शक्यता त्यांनी हिशेबात घेतली नाही. लोकशाही सरकारला पुढच्या हिवाळ्यातले बिल मतदारांना समजावून सांगावे लागते; क्रेमलिनला तसे करावे लागत नाही.

युरोप सावरला तो द्रवरूप वायूच्या, म्हणजे एलएनजीच्या जोरावर. जर्मनीकडे युद्धाआधी एलएनजी उतरवण्याचे एकही टर्मिनल नव्हते. विल्हेल्म्सहाफेनला डिसेंबर २०२२ मध्ये तरंगते टर्मिनल सुरू झाले. पण जगात एलएनजी एका रात्रीत वाढत नाही. युरोपने जास्त पैसे देऊन जी जहाजे आपल्याकडे वळवली, ती कोणाच्या तरी वाट्याची होती. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या निविदेला एकही बोली आली नाही. आपल्याकडे गेल या सरकारी वायू कंपनीने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधील कंपनीशी वर्षाला २५ लाख टन एलएनजीचा वीस वर्षांचा करार केला होता. ती कंपनी गॅझप्रॉमच्या जर्मन शाखेची होती. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ती शाखा ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर प्रतिनिर्बंध लावले, आणि भारताने या युद्धात कोणावरही निर्बंध लावलेले नसताना जूनपासून गेलची जहाजे यायची थांबली. गेलला खत कारखान्यांसह अनेक ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. मुंबईत एप्रिलच्या सुरुवातीला किलोला ६० रुपये असलेला सीएनजी ऑगस्टमध्ये ८६ रुपयांवर गेला. देशी वायूचा वाढलेला सरकारी भाव हे त्याचे एक कारण होते आणि देशी वायू कमी पडल्यामुळे मिसळावा लागलेला महाग एलएनजी हे दुसरे. रिक्षाचालकाने ज्या युद्धाचे नकाशेही पाहिले नव्हते, त्याचा हप्ता तो भरत होता. गेलचा वाद लवादात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

भारताने पुढे रशियाचे कच्चे तेल मोठ्या प्रमाणावर घेतले. युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास असलेला वाटा एक तृतीयांशाहून वर गेला. याची तुलना अनेकदा युरोपच्या वायूशी केली जाते. ती मला अर्धवट पटते. नैतिक प्रश्न दोन्हीकडे आहे आणि तो टाळू नये. पण जहाजाने येणारे, सवलतीत मिळणारे आणि दीर्घकालीन वाहिनीने बांधलेले नसलेले तेल सोडून देता येते. त्याची किंमत पैशांत मोजता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलासाठी भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले, तेव्हा दडपण विक्रेत्याकडून न येता तिसऱ्याच देशाकडून आले, हा त्यातला नवा भाग.

युरोपने रशियन वायूची आयात २०२७ पर्यंत पूर्णपणे संपवायचे ठरवले आहे, आणि २०२४ मध्ये तिचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपास आला होता. मात्र त्याच वर्षी युरोपच्या एलएनजीपैकी जवळजवळ निम्मा अमेरिकेचा होता, आणि जुलै २०२५ च्या व्यापार-समझोत्यात युरोपने तीन वर्षांत ७५० अब्ज डॉलरची अमेरिकी ऊर्जा घेण्याची तयारी दाखवली. युक्रेनला मिळणारी अमेरिकी शस्त्रे, युरोपवरचे आयातशुल्क आणि युरोपचा वायू हे तीन विषय आता एकाच टेबलावर आहेत. अमेरिका शत्रू नाही आणि एलएनजीचे जहाज वळवता येते, हे दोन फरक मोठे आहेत. तरी आज कोणी मला करार तपासायला दिला तर भाव पाहण्याआधी मी हे पाहीन की विक्रेता कंपनीची मालकी कोणत्या देशात आहे, तिच्या मूळ कंपनीने हमी दिली आहे का, एकाच देशातून माल देण्याचे बंधन आहे की कुठूनही देता येतो, आणि ज्या हिवाळ्यात तो आलाच नाही त्या हिवाळ्यासाठी आपल्या ताब्यातल्या साठ्यात किती दिवसांचा वायू आहे.